पॉलिश फासलेला फकीर

२००४ साली आम्ही अमेरिकेत, पार्सिपनीत होतो. नवरा आयटीत, मी डिपेंडंट व्हिसावर घरी. वेळ जावा म्हणून लायब्ररीत व्हॉलंटिअर करायचे. एका शनिवारी दुपारी तिथे जुने मूकपट दाखवले, तेव्हा आठ वर्षांच्या लेकीला घेऊन गेले.

दुसऱ्याच पटात एक जाडा गोरा नट तोंडाला काळं फासून, डोक्याला टॉवेलसारखं काहीतरी गुंडाळून आला. हिंदू फकीर म्हणे! खिळ्यांच्या पाटावर बसायचा, किंचाळत उठायचा, मग कुणीतरी त्याला मागून लाथ घालायचं. लोक हसून लोटपोट. लेकही म्हणाली, "ममा, इट्स सो फनी!" हिलाच वर्गातल्या एका मुलानं विचारलं होतं, तुझे बाबा खिळ्यांवर झोपतात का. माझी कानशिलं तापली.

दिवे लागल्यावर मी उभी राहिले. "हे दाखवण्याआधी दोन शब्द तरी बोलायचे होतेत."

कार्यक्रम करणारे गृहस्थ हसले. "मॅडम, त्या काळी असंच चालायचं. कुणाला काही वाटत नसे."

"वाटायचं," मागून आवाज आला. काठी टेकत ऐंशीच्या पुढची एक बाई उभी होती. "तो फकीर माझे वडील. त्यांना वाटायचं."

नंतर कॉफी घेताना तिनं मला सांगितलं. वडील बुटाचं पॉलिश लावून काम करत. घरी आले की आई तेलानं रंग काढायची, तेव्हा गालाची सालपटं निघायची. एकदा त्यांनी स्टुडिओच्या मालकाला विनवलं होतं, बापाचं काम द्या, वाण्याचं द्या, काहीही द्या. मालक म्हणाला, "पगडी नको असेल तर दार उघडं आहे." घरात तीन पोरं. त्यांनी पगडी घातली. पुढे बोलपट आले, तेव्हा त्याच मालकानं 'तुझा आवाज हिंदूसारखा वाटत नाही' म्हणून त्यांना काढून टाकलं! मग ते हार्डवेअरच्या दुकानात लागले. गिऱ्हाइकं ओळखायची आणि काउंटरवर खिळे पसरून म्हणायची, "बस की!"

मघाशी मी ह्याच नटावर चिडले होते. आता चीड दुपटीनं वाढली, पण कुणावर काढू?

बाईनं पर्समधून फोटो काढला. साधा कोट, चष्मा, मांडीवर ती स्वतः, छोटीशी. आम्ही दोघी त्या गृहस्थांकडे गेलो आणि दारातल्या फकिराच्या पोस्टरशेजारी हा फोटो लावायला सांगितला.

त्यांनी तो नीट पाहिलासुद्धा नाही. "छान आहे. पण पगडीशिवाय कोण ओळखणार त्यांना?"

बाईनं फोटो पर्समध्ये ठेवला. मी माझा व्हॉलंटिअरचा बिल्ला काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "मग माझीही ओळख नको."

घरी नवरा म्हणाला, "सोड ना यार, इतकी जुनी गोष्ट!"

जुनी? ती बाई चार ब्लॉक पलीकडे राहत होती.