दरीतलं इंजिन

आमच्या मोटारीचं इंजिन गेलं ते राजूरच्या घाटात, ऐन उन्हाळ्यात, चढ अर्धा राहिलेला असताना. लढाईचे दिवस होते. आमचे हे मलकापूर स्टेशनावरून वकील आणि पक्षकार भरून बुलढाण्याच्या कचेरीत पोचवत. मोटार जुनी, कापडी टपाची, कुणा साहेबानं बदली झाल्यावर विकून टाकलेली. चढावर इंजिनातलं पाणी उकळलं, तेव्हा थांबून ते निवू द्यायचं. पण मागे बसलेल्या वकिलाला तारखेची घाई. ह्यांनी तापलेल्या इंजिनात मडक्यातलं गार पाणी ओतलं आणि त्याच्या ओतीव बिडाच्या ठोकळ्याला वीतभर तडा गेला. वकिलाची तारीख चुकायची ती चुकलीच. तेलही गेलं, तूपही गेलं.

आमचा मळा गावाबाहेर, घाट उतरायला लागतो तिथेच. बैलांनी मोटार ओढत आणली तेव्हा लोक पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. ठोकळा फुटला तेव्हा मोटार मागे घरंगळली असती तर, एवढंच माझ्या डोक्यात. पदरात लहान लेकरू होतं.

खामगावचा मिस्त्री आला. त्यानं तड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बुजवून देतो, भाऊ. पन बीड हाय. घाटात तापलं का पुन्हा उकलन का नाई, हे मी सांगू शकत नाई."

"मंग नवं इंजिन?" ह्यांनी विचारलं.

"नवं आता लढाई सरल्यावर. पन याच कंपनीची एक लॉरी घाटाच्या दरीत पडून हाय. डायवर गेला, इंजिन जसंच्या तसं हाय. तुमच्या गाडीले बसते."

ती लॉरी साऱ्या मुलखाला ठाऊक होती. तिच्या वळणावर आल्यावर बाया लेकराचं तोंड पदरानं झाकत. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, हातातली भाजी खाली ठेवली. "मेल्या मानसाची चप्पल कोनी पायात घालत नाई, अन् तुमी त्याचं इंजिन घरात आनता?"

"मानूस मेला माय, इंजिन नाई मेलं," हे म्हणाले. ह्यांना बोलायला काय जातं! इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर मी. तडा बुजवला तर तो चढावर उकलणार, आणि दरीतलं आणलं तर ते ह्यांनाही दरीत नेणार. मला दोन्हीची भीती वाटे.

लॉरीचा मालक लगेच कबूल झाला. आत्याबाई मात्र अडून बसल्या, की त्या डायवरच्या बाईचा होकार आल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही, तिचा तळतळाट आपल्याला नको. हे काम माझ्या गळ्यात पडलं. वांग्यांची पाटी घेऊन मी बैलगाडीनं घाटाखालच्या त्या गावी गेले.

बाई ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. माझ्याच वयाची. मी पाटी ठेवली, कशाला आले ते सांगितलं, आणि न राहवून विचारलं, "त्या इंजिनात काही खोट तं नोती नं, बाई?"

तिनं चिंचोका बाजूला टाकला. "इंजिनाले काऊन दोष देता? ते तं बंद होतं."

मला कळेना. तेव्हा ती चिंचा फोडता फोडता सांगत गेली. पेट्रोल डिप्टी कमिशनरच्या कचेरीतून कुपनावर मिळे, ते पुरत नसे. म्हणून घाट लागला की सगळेच डायवर गियर काढत, इंजिन बंद करत आणि गाडी उतारावर नुसती सोडून देत. वाचलेल्या पेट्रोलवर एखादी फेरी जास्त होई. "त्या दिवशी बिरेक लागला नाई. गियरात चालू असतं तं इंजिनानंच गाडी धरली असती, असं मिस्त्री मले मंग म्हने. न्या तुमी. पन तुमच्या घरच्याईले सांगा, घाटात बंद करू नका म्हना."

घरी येऊन मीच म्हणाले, दरीतलं आणा. आत्याबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग मी ह्यांना विचारलं, "तुमी बी बंद करता?"

"सगळेच करतेत वं."

इतकी वर्षं मी ह्यांना दह्याची कवडी हातावर घालून घाटात पाठवत होते, आणि हे तिथे अशी मोटार सोडून देत होते. मी लेकरू उचललं आणि ह्यांच्या पुढ्यात बसवलं. "याच्या डोक्यावर हात ठेवा. घाटात बंद करनार नाई म्हना." हे आधी हसले, मग ह्यांनी माझं तोंड पाहिलं. हात ठेवला, आणि मी म्हटलं तसं म्हणाले.

इंजिन दोर लावून वर ओढलं, मिस्त्रीनं बसवलं. जुन्यापेक्षा त्याचा आवाज जाड होता. सकाळी मोटार निघाली की मी मळ्याच्या टोकाशी जाऊन उभी राहत असे. वळणावळणानं खाली जाताना त्याची घरघर ऐकू येई, आणि ती ऐकू येत होती तोवर मला धीर असे. आत्याबाई म्हणत, सून वांगी तोडायला जाते की मोटार ऐकायला.

पावसाळा तसाच गेला. मग एका सकाळी दुसऱ्या वळणावर घरघर तुटली. मी उभीच राहिले. खालून धडाका ऐकू येईल म्हणून वाट पाहत होते. काही आलं नाही. शेजारच्या विहिरीवर मोट चालली होती, तिचं चाक तेवढं कुरकुरत होतं. मी तिथेच वाफ्यात बसले.

दिवेलागणीला हे आले, हातपाय धुतले.

"गाडी कशी चालली?" मी विचारलं.

"मस्त. आज एक फेरी जास्त झाली."

लेकरू धावत जाऊन ह्यांच्या मांडीवर बसलं. मी भाकरी वाढली. मग वाकून, ह्यांच्या लक्षात येणार नाही अशी, पोराच्या कपाळाला हात लावून पाहिला.