टेकचंद राणी होतो

चिखल्याच्या मँगनीज खाणीत उभी हयात काढून टेकचंद दिघोरीला घरी परतला, तेव्हा चांगला धडधाकट होता. आजार जडले ते ओसरीवरच्या खाटेवर. सकाळी छातीत धडधड, दुपारी चक्कर, संध्याकाळी पायांना मुंग्या. दिवसभर स्वतःचीच नाडी धरून बसायचा. लाखांदूरच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, "काका, तुमाले काही झालं नाही. खाट सोडा." टेकचंदने डॉक्टर सोडला.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी गावची दंडार, म्हणजे नाचगाण्याचं नाटक, बसत होती. बायका तेव्हा दंडारीत नाचत नसत. राणी व्हायचा तो ईश्वर. तो ऐन वेळी वरठीच्या कारखान्यात कामाला लागला. दंडारीचे म्होरके सोमाजी ओसरीवर येऊन हळहळत बसले. चहा देता देता टेकचंदची बायको सुलोचनाबाई म्हणाली, "आमच्या यायले न्या ना. दिवसभर कण्हून राहिले. वनवासातल्या राणीले दुसरं काय करा लागते?"

सोमाजी हसले. टेकचंद ताडकन उठून बसला. "काहून? मले जमत नाही का?"

मिशी उतरवताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्याच तालमीत गिरकी घेताना तो ढोलकीवाल्याच्या मांडीत जाऊन पडला. गुडघे आठ दिवस कुरकुरले, मग मुकाट्याने ऐकू लागले. पाठांतरासाठी तो तलावाच्या पाळीवर येरझारा घालत, "महाराज, मला टाकून कुठं निघालात?" म्हणून हुंदके द्यायचा. धान कापणाऱ्या बाया विळे थांबवून बघत राहायच्या. एक हात पदराला, दुसरा कपाळाला. नाडी धरायला हातच उरला नाही.

मंडईच्या दिवशी सुलोचनाबाईचं हिरवं लुगडं नेसून तो उभा राहिला आणि भर गर्दीत पुढचं वाक्य विसरला. राजा झालेला नत्थू डोळे वटारून थांबला. टेकचंदने कमरेवर हात ठेवले आणि घरी रोज ऐकलेलंच तोंडातून निघालं, "दिवसभर लोळून राहिले, राज्य का तुमचा बाप चालवन? उठा, बैलाले पाणी दाखवा!"

सारी मंडई खदाखदा हसली. बायकांच्या घोळक्यात सुलोचनाबाईने पदरात तोंड खुपसलं; हसून हसून तिचे डोळे वाहत होते.

पुढच्या वर्षी सोमाजींनी त्याला सासूचं काम दिलं. "माझं का वय झालं?" म्हणत टेकचंद रुसला, तालमीला फिरकलाच नाही. शेवटी सोमाजी समजूत काढायला घरी आले.

"ते कुठं घरी हाये," सुलोचनाबाई म्हणाली. "सायकल घेऊन शेजारच्या गावी गेले. तिथल्या दंडारीले राणी पायजे होती म्हन्ते."