घुंगरांतली माती

धामणगाव बढ्याचे वामनराव सोनार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या अंगठीत साचलेल्या मळाकडे. एकेकाला एकेक वेड असतं, यांना स्वच्छतेचं. सारी उमर रिठ्याचं पाणी अन् ब्रश यांत घालवून उतारवयात त्यांनी दागिने धुवायचं मशीन आणलं. दिसायला स्टीलची एवढीशी टाकी, पण गिऱ्हाईक टेकलं रे टेकलं की वामनरावांचं आख्यान सुरू.

"याच्या बुडाशी आवाज हाय. आपल्या कानाले ऐकू येत नाही, पण पाण्याले त्याच्यापासून सुटका नाही. तो पाण्याले दाबते, मंग ओढते, पुन्हा दाबते. ओढलं का पाणी फाटते अन् बारीक बुडबुडा होते. दाबलं का तो फटकन् फुटते. दागिन्याले लागून फुटला का पाण्याची सुईवानी धार निंगते अन् मळ उखडते. अन् बुडबुडा धरते कुठं? जिथं फट, जिथं हवेचा कण अडकेल हाय, तिथं!"

मग डब्यातल्या पोळीचा चकचकीत कागद टाकीत बुडवायचा, बाहेर काढून उजेडाकडे धरायचा. कागदाची पार चाळणी. लेक करिष्मा दुकानात असली तर हसून म्हणायची, "झालं बाबाचं बुडबुडे पुराण!" तिच्यापुढे मात्र यांना राग येत नसे.

ती करिष्मा गेल्या पावसाळ्यात मामाकडे वडनेर भोलजीला गेली, मामीबरोबर चिखल तुडवत वावरात निंदायला गेली, आणि ताप घेऊन परत आली. दवाखान्यातून ती घरी आली ती बोलत नव्हती. कॉलेजात जाणारी पोर, अशी गेली. तिच्या पायांतले चांदीचे पैंजण तानुबाईंनी, तिच्या आईनं, काढून घेतले आणि फडक्यात बांधून देवघरात ठेवले. घुंगरांत वावरातली काळी माती घट्ट बसली होती. पैंजण हलवले तरी वाजत नव्हते.

रोज दिवेलागणीला तानुबाई ते फडकं सोडून बसायच्या, पैंजणावरून बोट फिरवायच्या, रडायच्या. वामनरावांना ते बघवत नसे. समजूत काढणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांना वाटे, चांदी काळी पडलीय म्हणून हिला जास्त त्रास होतो.

दसरा आला. दसऱ्याआधी घरचे देव उजळायचे, ही सोनाराच्या घरची रीतच. वामनरावांनी देवांबरोबर ते फडकंही उचललं. बायकोला विचारलं नाही. तिला एकदम दाखवायचं होतं.

दुकानात त्यांनी पैंजण टाकीत सोडले. मशीन सुरू झालं तसा बारीक चरचर आवाज आला आणि घुंगरांच्या फटींतून काळा धूर निघावा तशी माती बाहेर पडू लागली. पाणी गढूळ झालं. ते बादलीत ओतून नवं घातलं, पुन्हा गढूळ झालं. तिसऱ्यांदा पाणी नितळ राहिलं तेव्हा त्यांनी पैंजण पुसले, हातानं घासून उजळले आणि घराकडे निघाले. कित्येक महिन्यांनी त्यांना बरं वाटत होतं.

ओसरीवर येऊन त्यांनी पैंजण हलवले. छुम छुम वाजले.

आत भांडं पडलं. तानुबाई पिठाच्या हातानं धावत दारात आल्या. "करिष्मे!" त्यांच्या तोंडून निघून गेलं. समोर नवरा उभा होता, हातात लखलखते पैंजण. त्यांनी ते घेतले, घुंगरात नख घालून पाहिलं. आत काही नव्हतं.

"काऊन धुतले हो तुमी?"

"काळे पडले होते म्हनून..."

"माह्या पोरीच्या पायाची माती होती ते. तेवढीच उरली होती." त्या खाली बसल्या. "साध्या ब्रशानं धुतले असते, तरी आत राह्यली असती."

वामनरावांना एकदम आठवलं. सोनार पाणी फेकत नाही. धुण्याचा सगळा गाळ बाकाखालच्या बादलीत जमतो आणि पुढं झारेकरी येऊन तो घेऊन जातो, त्यातलं बारीक सोनं-चांदी गाळून काढतो. दोघं तसेच दुकानात आले. तानुबाईंनी बादलीत कोपरापर्यंत हात घातला आणि बुडचा गाळ ओंजळीत वर काढला. साऱ्या गावाच्या अंगठ्यांचा, बाळ्यांचा, पाटल्यांचा मळ त्यात होता.

"यातली माह्या पोरीची कोन्ती?"

गाळातला सोन्याचा कण नुसत्या नजरेनं वेचणारा तो माणूस ओंजळीकडे बघत राहिला. मग करिष्मा गेल्यापासून पहिल्यांदा, भर दुकानात, हुंदके देऊन रडला.

दिवाळीनंतर नेहमीप्रमाणे झारेकरी आला आणि बाकाखाली वाकला. वामनरावांनी त्याचा हात धरला.

"ते राहू दे बाप्पा."

"काऊन? लय सोनं हाय का यंदा?"

"माही पोरगी हाय त्यात," वामनराव म्हणाले.