मिशीवरचा डाव

"दाजी, आज मिशीला नीट तेल लावून घ्या. संध्याकाळी ती असणार नाही."

आरशाला टेकवून ठेवलेल्या फोनमधून मेहुणा बोलत होता. ट्रकवाला गडी, कुठल्याशा गोदामासमोर माल उतरायची वाट बघत गाडीतच बसला होता. इकडे खुर्चीत पोस्टमन गालभर फेस घेऊन आणि दाजी हातात वस्तरा घेऊन.

"तू तुझी झुलपं सांभाळ," दाजी म्हणाले.

दुकान न्हाव्याचं. बायकोचा भाऊ दाजी म्हणतो म्हणून गिऱ्हाइकंही दाजीच म्हणायची. मिशी अशी झुबकेदार, की दुकानाला पाटीची गरज नव्हती.

फोनवरच्या पोकरचं खूळ मेहुण्यानंच डोक्यात भरलं. दोन पानं आपल्या हातात, पाच सगळ्यांची मधे. निम्मा खेळ पानांचा, निम्मा थापांचा. बायकोची अट एकच, खरा पैसा लावायचा नाही. म्हणून पैशांच्या जागी फुकटच्या चकत्यांवर शिकणं सुरू झालं, आणि तिथंच घोडं अडलं. गेल्या तर नव्या मिळतात म्हटल्यावर दाजी दर डावाला होत्या तेवढ्या सगळ्या पुढं ढकलायचे. हरले की हसायचे. डोक्यात काही शिरेना.

"काहीतरी दुखेल असं लावा," मेहुणा वैतागून म्हणाला. दाजींनी मिशी पणाला लावली. त्यानं खांद्यापर्यंतचे केस. हरेल त्यानं उतरवायचे.

मग मात्र दाजी भिकार पानं मुकाट्यानं टाकायला शिकले. आज ठरलेला सामना होता, आणि दोघांच्या चकत्या सारख्याच झाल्या होत्या.

दाजींच्या हातात दोन अठ्ठ्या. मधे एक्का, राणी, छक्की, तिर्री आणि शेवटी दुर्री. मेहुण्यानं सगळ्या चकत्या पुढं ढकलल्या.

"एक्का आहे बरं का माझ्याकडं, एक्क्यांची जोडी झाली. टाका पानं, दाजी. उगीच ताई मला बोल लावेल. आणि इथं ऊन काय पडलंय, इंजिन नुसतं..."

दाजींचा वस्तरा हवेतच थांबला. दुसरीकडं केस कापून आलेलं गिऱ्हाईक त्यांना मान बघताच कळायचं. काही विचारायच्या आतच ते लग्नाच्या, आजारपणाच्या सबबी सांगत सुटायचं. आणि सकाळपासून मेहुण्याला चांगली पानं आली, की तो नुसता "हं" करत होता.

"अजून बोल की," दाजी म्हणाले.

"बोलायचं काय त्यात? गोदामवाला पण असा, परवा..."

मागं टॉवेल पिळणारी बायको पुढं येऊन उभी राहिली. "बघा हं, पैसा नाही, पण मिशी जाईल तुमची."

दाजींनी अंगठा टेकवला. आपल्याही सगळ्या चकत्या पुढं.

पानं उघडली. मेहुण्याकडं गुलाम आणि दश्शी. दश्शीपासून एक्क्यापर्यंत ओळ लागायला राजाची वाट बघत बसला होता, राजा आलाच नाही. दोन अठ्ठ्यांनी चकत्या ओढून नेल्या.

"हं," मेहुणा म्हणाला.

"आता खरं बोललास," दाजी म्हणाले. बायको टॉवेल तोंडाला लावून हसत होती. "रविवारी ये. पहिला नंबर तुझा."

"दाजी," खुर्चीतून पोस्टमन कसाबसा बोलला, "फेस वाळला. गाल हलेना."

दाजींनी मिशीवरून एकदा मनगट फिरवलं, ब्रश गरम पाण्यात बुडवला आणि नव्यानं फेस करायला घेतला.