तिसऱ्या मजल्यासमोरचं स्टेशन

आमच्या गॅलरीसमोर, अगदी तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, मेट्रोचं स्टेशन होत आलंय. रोज सकाळी चाचणीची रिकामी गाडी येते आणि रस्त्यावरच्या साऱ्या गॅलऱ्या माणसांनी भरतात. हातात चहाचे कप घेऊन लोक त्या रिकाम्या गाडीला हात करतात. शेजारच्या काकूंनी तर परवा तिला गॅलरीतूनच ओवाळलं.

सगळ्यांत जास्त उत्साह आमच्या सासूबाईंना. इमारतीला लिफ्ट नाही आणि गुडघ्यांमुळे त्यांचा जिना कधीचाच बंद झालाय. त्यांना एकटं टाकून माझंही कुठे जाणं होत नाही. आज त्या इस्त्रीची साडी नेसून, खुर्ची जाळीला लावून बसल्या होत्या.

"बरं झालं गं, आपल्याच मजल्यावर आली," त्या म्हणाल्या. "आता जिना उतरायला नको."

मला राहवलं नाही. "आई, आधी खाली उतरावंच लागेल. मग रस्ता ओलांडून पुन्हा वर. तिथे सरकता जिना आहे, पण तिथवर जायला आपलाच जिना आहे."

उगाच बोलले. एवढ्यात समोर गाडी थांबली. दारं आमच्याकडेच उघडली. कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. सासूबाईंनी नकळत पदर सावरला.

दारं मिटली. गाडी हलली तशी तिच्या काचांत आमची जाळी दिसली आणि जाळीमागे आम्ही दोघी. एकामागून एक काच पुढे जात राहिली. आम्ही मात्र प्रत्येक काचेत त्याच जागी.