गूळपोळी टिकते तोवर

तीळ भाजल्याचा वास आला की मला बिबवेवाडीतलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. ताईला टोरंटोत नोकरी लागली होती आणि बाबा मोबाइलवर अंतर बघून अडून बसले होते. "बारा हजार किलोमीटर! काही जायचं नाही." आईचं लाटणं थांबलं नाही. "अहो, पण पोचायला वेळ किती?" "विमान बदलून एक दिवस," बाबा म्हणाले. "मग झालं तर! माझी गूळपोळी आठ दिवस टिकते. लांब कसलं?" यावर बाबांनी फक्त विचारलं, "डबा कुठला देणार?" काल माझ्या लेकीचं मेलबर्नचं तिकीट आलं. "आई, किती लांब आहे बघितलंस का?" तिने दबकत विचारलं. मी तोवर गूळ किसायला घेतला होता.