नातीच्या हातातला पट्टा

साल दोन हजार तेवीस. शाळेच्या दाखल्याप्रमाणे मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो. खरं वय फक्त आईला ठाऊक होतं, आणि ती केव्हाच गेली. शाळा मी चौथीपर्यंत पाहिली. चौथीत मास्तरनं छडी मारली, मी ती छडी मोडून त्याच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो. पुन्हा गेलो नाही. त्याचा पस्तावा मला आजही नाही. आर्णीकडच्या आमच्या तांड्यात माझ्या शब्दाला मान आहे, तो काही शाळेनं दिलेला नाही.

मुलगा मात्र शिकला. यवतमाळला मास्तर आहे. सून सरकारी दवाखान्यात नर्स आहे. त्यांना दोन लेकरं. तेव्हा नात चार वर्षांची होती आणि नातू नुकता पावलं टाकायला लागला होता. मे महिन्यात मुलगा तांड्यावर आला आणि म्हणाला, "बा, तीन दिवस फिराले जाऊन राह्यलो. तुमी बी चाला."

"कुठं?"

"पांढरकवड्याच्या बाजूनं, जंगलाले लागून हाय. राहणं, चार टाइम खाणं, पोहणं, लेकराईले खेळाची खोली, समदं एकाच पैशात. अंदर गेलं का खिशात हात घालाचं कामच नाई. लेकराईचं त फुकट."

"फुकट कोन देते रे?"

"देतेत ना बा आता."

"मंग मले कायले नेतं? लेकरं धराले?"

तो हसला. "नाई ना बा. लेकरं धराले तिथं मानसं हायेत."

तो हे सहज बोलून गेला. मला मात्र तिथूनच भीती वाटायला लागली. ज्या माणसाला आपलं लेकरू कोणाचं आहे हे माहीत नाही, त्याच्या हाती ते द्यायचं आणि आपण पोहायला जायचं, ही रीत मला समजली नाही. मी मोठ्यानं सांगून टाकलं, "माह्या नातीले मी असतानी दुसरा कोनी धरनार नाई." हे वाक्य मी पुढं विसरू शकलो नाही.

फाटकातून आत गेल्या गेल्या एका पोरीनं सगळ्यांच्या मनगटावर कागदासारखे पट्टे बांधले. मोठ्यांना निळे, लहानांना पिवळे. ओढून निघत नाहीत, भिजून सुटत नाहीत, म्हणाली. मी हात मागं घेतला. बाजारात बैल विकला की आपलं दावं आपण सोडून घेतो आणि घेणारा त्याचं नवं दावं बांधतो. नवं दावं बांधलं की जनावर त्याचं झालं. मी आयुष्यात किती बैल विकले, प्रत्येक वेळी दावं सोडताना मान फिरवली आहे. मी म्हटलं, "मी काय विकलेला बैल हाव का?" मॅनेजर जवळच उभा होता. गोरा, चष्मेवाला माणूस. हसून म्हणाला, "आजोबांना राहू द्या. त्यांचा फेटा आम्ही लांबून ओळखू." मला बरं वाटलं. नातीच्या हातात मात्र पिवळा पट्टा आवळून बसला होता. तो पाहून मला काही बरं वाटलं नाही.

आत पोहायचं टाकं होतं. आमच्याकडं विहिरीला कठडा असतो, बाई पाणी भरते तर लेकराला पाठीशी बांधून. या टाक्याला कठडाच नव्हता. फरशी संपली की पाणी सुरू. निळं, शांत, जमिनीच्या बरोबरीनं. पहिल्या दिवशी मी जेवलो तेव्हाही माझी नजर त्या पाण्यावरच होती. नात कुठंही पळाली की मी पाण्याकडं पाहत होतो. सून म्हणाली, "मामाजी, तुमी बसा ना घडीभर. तुमचं जेवन थंडं होऊन राह्यलं."

तिचंही खरं होतं. आमच्या तांड्यातले लोक मला अजूनही विचारतात, काय हो, लेकरं घेऊन अशा ठिकाणी जाणं परवडते का? मी खोटं सांगत नाही. त्या दिवशी माझ्या सुनेनं गरम जेवण बसून खाल्लं. चार वर्षं मी तिला उभ्यानं खाताना पाहत होतो, एका हातात लेकरू, दुसऱ्या हातात पोळीचा घास, त्यातच रात्रपाळी. तिथं तिनं दोनदा भात घेतला आणि दुपारी झोपली. तेवढ्यासाठी कोणी पैसे दिले तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. पण लोक समजतात, सगळं आत आहे म्हणजे लेकरावरची नजरही आत आहे. माझा पोरगा तसंच समजला होता. ती नजर पैशात येत नाही, ती आपली आपल्यालाच ठेवावी लागते. आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं की ती मी ठेवीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा आणि सून धाकट्याला घेऊन जेवायला गेले. नात खेळाच्या खोलीत होती. त्या खोलीवर चाळिशीच्या आसपासची एक बाई होती, जवळच्याच गावची. सगळी लेकरं तिला मावशी म्हणत. लेकरू आत येताना ती पट्टा पाही, बाहेर सोडताना न्यायला आलेल्याच्या पट्ट्यावरचा नंबर लेकराच्या नंबराशी जुळवी, तेव्हाच हात सोडी. मी दाराबाहेर बाकावर बसलो होतो. तिनं मला सांगून पाहिलं, "बाबाजी, जेवून या. मी हाव ना."

"तू हायेस, म्हनूनच मी बसलो," मी म्हणालो. तिला लागलं असेल.

मग नात दाराशी आली. आमच्यात आजोबाला दादा म्हणतात. मनगट पुढं केलं. "दादा, टोचून राह्यलं."

पट्ट्याखाली लाल वळ उठला होता. घाम आणि उकाडा. मी खिशातून अडकित्ता काढला. त्यानं मी रोज सुपारी कातरतो. आत मावशी दुसऱ्या लेकराचं नाक पुसत होती. मी पट्ट्याखाली बोट घातलं आणि एका दाबात कापला. पोरीनं हात झटकला, हसली. मी पट्टा सदऱ्याच्या खिशात टाकला. मला चांगलंच वाटलं, ते लपवत नाही. जणू दावं सोडलं.

तेवढ्यात मुलानं लांबून हाक मारली, "बा, लवकर या, दोन वाजता बंद करतेत." मी नातीला म्हटलं, जा आत. आणि निघालो. मागं वळून पाहिलं नाही. एवढंच. एवढीच चूक.

मी अर्धी पोळी खाल्ली आणि एक केळ तिच्यासाठी घेऊन परत आलो. खोलीत सात-आठ लेकरं होती. माझी नव्हती.

"छोरी कुठं हाय?" मी विचारलं.

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या मागं पाहिलं. "तुमच्याच मागं आली ना बाबाजी? तुमाले दारात पाह्यलं, मी म्हटलं आजोबासंग गेली."

हातातलं केळ केव्हा पडलं मला कळलं नाही. मी धावलो, आणि दुसरीकडं कुठं नाही, पाण्याकडंच. टाक्यात त्या वेळी कोणी नव्हतं. पाणी हललेलं नव्हतं. मी जोड्यांसकट उतरलो. धोतर फुगून वर आलं आणि समोरचं काही दिसेना, ते दोन्ही हातांनी दाबून धरलं. छातीपर्यंत पाणी. तळाच्या फरश्या एकेक दिसत होत्या. मी प्रत्येक फरशी पाहिली. एका कोपऱ्यात काहीतरी लाल होतं. तिचा फ्रॉक लाल होता. त्या कोपऱ्यापर्यंत चालत जायला मला किती वेळ लागला सांगता येत नाही. पाण्यात पाय उचलतच नव्हते. ती कोणाची तरी लाल टोपी होती.

मी तिथंच उभा राहिलो. टोपी हातात घट्ट धरून. वर मुलगा धावत आला, त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "बा, तुमी होते ना तिच्याजवळ? तुमी होते ना?" सून धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. रडत नव्हती. नुसती पोरीला हाका मारत होती, सारख्या आवाजात, जशी दवाखान्यात बेशुद्ध माणसाला हाक मारत असेल.

माणसं धावली. झुडपांत पाहिलं, संडासात, गाड्यांखाली. मला मग रस्ता आठवला. फाटकाच्या पलीकडून ट्रक जातात. मी ओल्या धोतरानं फाटकाकडं निघालो. पाय एकमेकांत अडकत होते. प्रत्येक हॉर्न ऐकला की मी थांबत होतो, ब्रेकचा आवाज येतो का म्हणून.

फाटकाबाहेर निंबाखाली मजूर जेवायला बसले होते. कुंपणाच्या भिंतीचं काम चाललं होतं. त्यांच्यामध्ये माझी नात बसली होती, मातीत, अनवाणी. हातात भाकर आणि वर मिरचीचा ठेचा. मला पाहून म्हणाली, "दादा, तिखट हाय."

मी तिच्यासमोर मातीतच बसलो.

फाटकावरचा चौकीदार आला. "हे तुमची हाय का? मले वाटलं ह्या मजुराईची."

"काहून वाटलं?"

"हातात पट्टा नाई. बगिच्यात एकटी फिरून राह्यलती. नाव इचारलं त हे तांड्याच्या बोलीत बोलाले लागली. हे मजूर बी तांड्याचेच. म्हटलं याईचंच लेकरू अंदर घुसलं असन. आनून देल्लं."

ती बोली तिला मी शिकवली होती. तार नाम कांयी छ, म्हणजे तुझं नाव काय, असं मी तिला विचारायचो आणि ती छाती पुढं काढून उत्तर द्यायची. परक्यानं नाव विचारलं की तसंच सांगायचं, हेही मीच शिकवलं होतं. मजुरांतली एक बाई आमच्याच बोलीत म्हणाली, "रडली नाही हो. भूक लागली म्हणाली, म्हणून दिलं." मी तिच्या पाया पडलो. ती दचकून मागं सरकली. माझ्या वयाच्या माणसानं तसं करू नये.

पोरगी सापडली, भीती संपली, असं वाटेल. तसं झालं नाही. ऑफिसात मुलगा मॅनेजरवर ओरडला. मॅनेजर मावशीवर ओरडला. "पट्टा न बघता मूल सोडलंच कसं?"

"साहेब, येतानी पट्टा होता. मी पाह्यला."

"मग गेला कुठं? तो कापल्याशिवाय निघत नाही. तुम्ही बघितलाच नाही. उद्यापासून येऊ नका."

ती माझ्याकडं वळली. "बाबाजी, तुमी होते बाहेर. तुमी सांगा ना. पट्टा होता ना तिच्या हातात?"

पट्टा माझ्या ओल्या सदऱ्याच्या खिशात होता, छातीला चिकटलेला. सगळे माझ्याकडं पाहत होते. मी म्हटलं, "माह्या ध्यानात नाई."

आयुष्यात मी पंचांसमोर उभा राहिलो, तालुक्याच्या साहेबाला तोंडावर खोटारडा म्हटलं. आणि तिथं माझी जीभ मेली. मला मुलाची भीती वाटली. तो मारणार नव्हता, बोलणारही नव्हता. त्याला कळलं की पट्टा मी कापला, पोरीला मी मोकळं सोडलं, तर तो पुन्हा कधी तिला माझ्या हाती देणार नाही. सुट्टीत ती तांड्यावर येणार नाही, माझ्यासोबत बैलांना पाणी पाजायला येणार नाही. ती माझ्यापासून जाईल.

त्या रात्री नात तिच्या आईजवळ झोपली. तिचा श्वास मला ऐकू येत होता आणि मी तो ऐकत पडलो.

सकाळी सहा वाजता मी फाटकावर जाऊन उभा राहिलो. साडेसातला मावशी आली. खोलीची किल्ली आणि कामावरचा निळा कोट परत करायला आली होती. मला पाहून तोंड फिरवलं.

"बाई, माह्यासंग चाल."

"कायले? पुन्हा म्हना, ध्यानात नाई."

"ध्यानात हाय. म्हनूनच चाल."

जेवणाच्या खोलीत सगळे नाश्ता करत होते. मॅनेजर चहाजवळ होता. मुलगा नातीला उपमा भरवत होता. मी खिशातून पट्टा काढून मॅनेजरसमोर ठेवला, दोन्ही टोकं सरळ करून, म्हणजे कापल्याचं दिसावं.

"हे म्या कापलं. अडकित्त्यानं. या बाईचा काई कसूर नाई."

आजूबाजूचे चमचे थांबले. मुलगा उभा राहिला. "बा, काल काहून नाई बोलले?"

"भेलो," मी म्हणालो.

मॅनेजर मावशीला म्हणाला, "ठीक आहे, जा तुम्ही ड्युटीवर."

ती हलली नाही. "काल समद्याईसमोर काढलं साहेब. आता समद्याईसमोर ठेवा."

मॅनेजरनं इकडंतिकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की चूक मावशींची नव्हती. तेव्हा तिनं निळा कोट अंगात घातला, बटणं लावली आणि माझ्याकडं न पाहता गेली. मुलगा खाली बसला आणि पुन्हा पोरीला भरवू लागला.

मी तिथं जेवलो नाही. खेळाच्या खोलीबाहेर जाऊन बाकावर बसलो. थोड्या वेळानं सून नातीला घेऊन आली. नव्या पट्ट्याखाली तिनं मऊ फडकं गुंडाळलं होतं. नातीनं मला पाहून आईचं बोट सोडलं आणि माझ्याकडं यायला निघाली. मी हात पुढं केले नाहीत. सुनेकडं पाहिलं, आणि ती काय म्हणते त्याची वाट पाहत बसलो.